पाचवा हेन्री, १५ पैकी ३

पेपर तपासणी संपून तीन आठवडे झाले तरी तो एक पेपर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

एम.ए. इंग्रजीचं मॉडरेशन होतं, म्हणजे एकाने तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर दुसऱ्याने परत बघायचे. खरं सांगते, बहुतेक वेळा बेरीज आणि टिकमार्क बघून पुढे जातात सगळे. प्रश्न होता, शेक्सपिअरचा पाचवा हेन्री आदर्श राजा आहे का. मॉडेल आन्सरमधे टिलयार्ड हा समीक्षक, दैवी व्यवस्था (राजा देवानेच नेमलेला ही कल्पना), कोरस म्हणजे नाटकातला निवेदक, देशभक्ती. या उत्तराला १५ पैकी ३, म्हणून थांबले आणि नीट वाचलं.

उत्तरात समीक्षकाचं नाव एकही नाही. पण चौथा अंक काय वाचला होता! सहाव्या प्रवेशात, लढाई चालू असताना, फ्रेंच परत जमतायत एवढं कळताच हेन्री कैद्यांना मारायचा हुकूम देतो, आणि इंग्रजांच्या सामानाजवळच्या पोरांना फ्रेंचांनी मारल्याचं आपल्याला कळतं सातव्यात, म्हणजे हेन्रीचा अधिकारी गॉवर सांगतो तसा हा पोरांचा सूड नाहीच, हुकूम आधीच सुटलाय. शेवटी लिहिलं होतं, हा राजा आवडतो आणि त्याची भीतीही वाटते, नाटकाला दोन्ही हवंय.

अहो, समीक्षक हॅझलिट १८१७ मधे याच्या अगदी जवळ पोचला होता! लंडनच्या टॉवरमधल्या पिंजऱ्यातला सिंहाचा छावा बघायला आवडावा तसा हा राजा आवडतो म्हणाला. रॅबकिन या दुसऱ्या समीक्षकाने १९७७ मधे ससा की बदक असं दोन्ही दिसणारं चित्र घेऊन हेच मांडलं. आणि टिलयार्डचं पुस्तक १९४४चं, या नाटकावरचा ऑलिव्हिएचा सिनेमाही १९४४चा, दुसरं महायुद्ध चालू होतं, सिनेमात तो कैद्यांचा हुकूम चक्क गाळलाय. टिलयार्डला तर हे नाटक फसलेलंच वाटत होतं, त्याचं नाव मॉडेल आन्सरमधे घालणाऱ्याने त्याचं लिखाण नीट वाचलं नसावं.

मी ११ दिले. सिनिअर सर म्हणाले, मॅडम, क्रिटिक कुठेय यात? मी म्हटलं, सर, हाच क्रिटिक आहे. त्यांनी सही केली, पण पटलं नव्हतं त्यांना.

मीपण वर्गात बारा वर्षं टिलयार्डच आधी शिकवत आलेय, प्रवेशांचा हा क्रम फळ्यावर कधी मांडला नाही. यंदा तिथूनच सुरू करणारे. मुलगा की मुलगी, कुठल्या कॉलेजचं, काही कळायला मार्ग नाही, पानावर फक्त बारकोड. हॅझलिट वाच एवढं तरी सांगायचं होतं.