नऊ वर्षांची मांजरी की दोन पिल्ले?

आमच्या बोक्याला जाऊन वर्ष होत आले, तेव्हा घरात पुन्हा मांजर आणायचे एवढे ठरले होते; कोणते, ते ठरत नव्हते. निवारा केंद्रात तीन महिन्यांची दोन भावंडे एकमेकांच्या अंगावर लोळत होती आणि शेजारच्या पिंजऱ्यात ९ वर्षांची एक करडी मांजरी पाठ फिरवून बसली होती.

पिल्ले आणायचीच तर जोडीनेच आणावीत, असे माझे मत आहे. एकटे पिल्लू माणसाच्या हातापायांनाच सावज समजते. चावा किती जोराचा झाला की समोरचा कळवळतो, हे त्याला भावंडाइतके नीट कोणी शिकवत नाही. परंतु जोडी म्हणजे १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस, पाचव्या महिन्याच्या सुमारास दोघांची नसबंदी, घरात शी-शूसाठी वाळूचे तीन ट्रे आणि पहाटे पडद्यांवर चढाई. शिवाय घरात राहणारे मांजर १५ वर्षे सहज जगते, आणि ते मोठेपणी मांडीवर बसेल की कपाटावर, हे पिल्लाकडे पाहून सांगता येत नाही.

मांजरीचा स्वभाव मात्र घडून गेलेला होता. मी अर्धा तास नुसती बसून राहिले. अखेर ती उठली, माझे बोट हुंगले, त्यावर एकदा गाल घासला आणि पुन्हा पाठ करून बसली. मला तेवढी ओळख पुरली. धास्ती होती ती आजारपणाची, कारण या वयापासून मूत्रपिंडे, थायरॉइड आणि दात यांच्या तक्रारी डोके वर काढतात आणि मांजर दुखणे लपवण्यात पटाईत असते. म्हणून घरी आणण्यापूर्वीच रक्त आणि लघवी तपासून घेतली. दोन्ही अहवाल ठीक आले. एक सुळा तुटलेला आहे, तो काढावा लागेल. मूत्रपिंडे पुढे बिघडलीच, तर बोक्याला दोन वर्षे त्वचेखाली सलाइन मीच देत होते. सुईची भीती तेव्हाच गेली. पिल्लांना घर लवकर मिळते, हेही मनात होतेच.

आज तिसरा दिवस. ती पलंगाखालून बाहेर आलेली नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठू लागते, त्यामुळे माझे सारे लक्ष वाटीकडे होते. पहाटे उठून पाहिले, तर वाटी चाटूनपुसून रिकामी होती आणि ट्रेमधली वाळू भिंतीपर्यंत उडाली होती.