बाईंनी लिहायला लावलेला अर्ज

शाळेची समिती म्हणते माजी विद्यार्थी म्हणून शाळेबद्दल लिही, पण शाळा म्हटलं की मला मराठीच्या बाईच आठवतात त्याला मी काय करू. गॅदरिंग, कबड्डीची टीम, मधल्या सुट्टीतली भजी याबद्दल बाकीचे लिहितीलच.

आम्ही तिघंजण नदीपलीकडून फेरीबोटीने यायचो. तेव्हा खाणी जोरात, मांडवी नदीत खनिजाच्या बार्जी, म्हणजे सपाट तळाच्या मालनावा, एकामागून एक मुरगाव बंदराला चाललेल्या, आणि बार्ज आली की फेरी थांबणार हे ठरलेलं. एकदा पावसात आमचा पहिला तास बुडाला. दुसरे कुणी असते तर अंगठे धरून उभं केलं असतं. बाईंनी तिघांना तीन बाकांवर बसवलं, म्हणाल्या हेडमास्तरांना अर्ज लिहा, एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, स्वतः पाहिलं ते वरच्या परिच्छेदात आणि कुणी सांगितलं ते खालच्या. तिघांचे तीन अर्ज झाले! एकाची बार्ज भरलेली, एकाची रिकामी, माझ्या अर्जात तर चक्क दोन बार्जी. बाई हसल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. "दुसरी बार्ज तू पाहिलीस की खलाशाने सांगितली?" खलाशाने सांगितली होती. "मग ती खाली घाल." परत लिहायला लावला, 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' सकट.

आज मी जहाजांच्या खटल्यांचा वकील आहे, आणि पोट बाईंच्या त्या धड्यावरच चाललंय. दोन जहाजं एकमेकांवर घासली की कॅप्टनचं लॉगबुक, इंजिनरूमचं लॉगबुक आणि बंदरात जहाज आत-बाहेर नेणाऱ्या पायलटचा जबाब असे तीन कागद टेबलावर येतात आणि तिन्हींत वेळ वेगळी. अ‍ॅफिडेव्हिटच्या शेवटी कुठला परिच्छेद स्वतःच्या माहितीचा आणि कुठला ऐकीव हे लिहावंच लागतं, माझे ज्युनिअर तिथे बिनधास्त कॉपी-पेस्ट मारतात, मग त्यांना बार्जीची गोष्ट ऐकावी लागते.

गावातल्या लोकांना वाटतं मी क्रूझवर फिरतो. खरं काम म्हणजे फाइली. सीआरझेडची म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाची परवानगी, डीजी शिपिंगची म्हणजे केंद्राच्या जहाज खात्याची नोटीस, बंदराचे चार्जेस, आणि मधूनच कुणाचं बिल थकलं म्हणून जहाज अटक करायचं. हो, जहाजाला अटक होते, माणसासारखी. यातला सगळ्यात गाजलेला खटला आपल्या मुरगावचा आहे हे कितीजणांना माहीत आहे? 1984 मध्ये एम. व्ही. एलिझाबेथ नावाचं जहाज गोव्यातल्या एका कंपनीचा माल भरून बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल जहाजावर चढल्याची पावती, न देताच मुरगावहून निघून गेलं, पुढे ते विशाखापट्टणमला आलं तेव्हा त्या कंपनीच्या दाव्यावरून कोर्टाने अडकवलं. जहाजाचे मालक म्हणाले, 1861 चा इंग्रजांचा कायदा बंदरात आणलेल्या मालापुरता आहे, बाहेर नेलेल्या मालाचा दावा तुम्हाला ऐकताच येत नाही. 1992 ला सुप्रीम कोर्टाने ते साफ फेटाळलं. तो जुना कायदा जाऊन आपला स्वतःचा अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा, कायदा यायला मात्र 2017 उजाडलं, आणि बिल ऑफ लेडिंगचा 1856 चा कायदा तर 2025 पर्यंत चालत होता. 1856! आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज.

2012 ला खाणी बंद पडल्या, नंतर सुरू झाल्या, 2018 ला परत थांबल्या. मधल्या काळात नदीकाठी गंजणाऱ्या बार्जी बघून पोटात कालवायचं, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्यांची घरं त्याच्यावर चालायची. शाळाही बदलली. कौलारू हॉल जाऊन स्लॅब आला, ठीक आहे, पण वाचनालयाची खोली कॉम्प्युटर लॅबला दिली हे मला पटलेलं नाही, समितीला तोंडावर सांगितलंय. पहिलीचा पट विचारायची तर छातीच होत नाही.

एक काम मात्र आहे. आपल्या शाळेतली बरीच मुलं तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारी, होतात. एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचं सरकारी लायसन्स, आहे का ते डीजी शिपिंगच्या साइटवर बघायचं, आणि काँट्रॅक्टवर सही करायच्या आधी मला दाखवायचं, फी नाही. पगार थकला तर मालकाने जहाज दुसऱ्याला विकलं तरी दावा जहाजावर राहतो, पण त्याला मुदत असते, म्हणून घरी येऊन वर्षभर गप्प बसू नका. नंबर समितीकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना सगळी पानं पाठवा, फक्त सहीचं नको.