टीए बिलातला ‘अंतर’ नावाचा रकाना

नांदेडहून नागपूरला विमानानं गेलो, काम करून आलो, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. विमानात मिळालेल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट फिरवेपर्यंत उतरायची घोषणा झाली. माझी खरी ओढाताण झाली ती परत आल्यावर, टीए बिलापायी, म्हणजे प्रवासभत्त्याच्या बिलापायी. तेही एका रकान्यापायी: ‘अंतर (कि.मी.)’.

पहिल्यांदा मी ३४० लिहिलं. अर्धापूर, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असं गाडीनं साधारण तेवढंच पडतं. बिलं बघणारे भाऊसाहेब म्हणाले, “सर, तुम्ही विमानानं गेलात ना? मग रस्त्याचं अंतर कशाला लिहायलात?” बरोबरच होतं त्यांचं. घरी येऊन इंटरनेटवर बघितलं. एका ठिकाणी २७८, दुसरीकडे २८१, तिसरीकडे १५०. मी शहाण्यासारख्या तिन्ही प्रिंट जोडल्या. तीच चूक झाली. बिल आठ दिवसांनी परत आलं, वर लाल शाईत: “नेमके अंतर नमूद करावे.”

१५० हे नॉटिकल मैल होते, आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणून बघा, २७८ येतात. २८१ कुठून कुठे मोजलेलं होतं ते काही कळलं नाही. हे सगळं भाऊसाहेबांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझं तिकीट बघितलं आणि म्हणाले, “तिकिटावर तासाभराचा प्रवास दिसतोय. म्हणजे विमान ताशी २७८ नं गेलं?”

आता काय सांगावं! ७६ सीटचं जेट सरळ उडताना ताशी सातशे-आठशेनं जातं हो, पण एवढ्याशा अंतरात सरळ उडायला मिळतंच किती? वर चढलं की लगेच खाली यायची तयारी. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं तिथून मोजतात, ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जाऊन थांबेपर्यंत. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, थांबणं, सगळं त्यातच. हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा आवाज चढला, ते चुकलंच माझं. त्या दिवशी बिल पुढे सरकलं नाही.

शेवटी तोडगा निघाला तो साधाच. गुगल मॅप्स कॉम्प्युटरवर उघडा, नांदेड विमानतळावर राइट क्लिक करून ‘अंतर मोजा’ घ्या आणि नागपूर विमानतळावर क्लिक करा. सरळ रेघ येते, आकडाही येतो. तेवढं एकच पान जोडा. एकच! बाकीचं काही जोडू नका.

अजून एक, बोर्डिंग पास मोबाईलवर असेल तर त्याच दिवशी प्रिंट काढून ठेवा. माझा फोनमधून उडालाच होता, मेलमध्ये सापडला म्हणून वाचलो. आणि मीटिंगची तारीख ठरवण्याआधी त्या वारी विमान आहे का ते बघा. आपल्याकडच्या फेऱ्या मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर, वेळापत्रक बदललं की, हमखास इकडच्या तिकडे होतात.

दीड महिन्यानं बिल पास झालं. भाऊसाहेबांनी माझ्यासमोर रकान्यातला ३४० खोडला, वर ‘२७८ (हवाई)’ लिहिलं, सही केली. मग म्हणाले, “सर, विमानतळावरून घरापर्यंत रिक्षा केली होती ना? तिचं अंतर राहिलंय.”