फीबासचे सहा चौकोन

आजची दुपार पोकेमॉन रूबी या गेममधल्या रूट ११९वर गळ टाकण्यात गेली. २००२च्या या गेममध्ये फीबास हा माशासारखा पोकेमॉन फक्त याच नदीत सापडतो, तोही पाण्याच्या ४००हून जास्त चौकोनांपैकी केवळ ६ ठिकाणी. योग्य चौकोनात मासा लागला की तो फीबास असण्याची शक्यता ५० टक्के. त्यामुळे एका जागी चार मासे लागले आणि त्यांत फीबास नसला तर खुशाल पुढे सरका. ओल्ड रॉड हा सर्वांत साधा गळही चालतो. सापडला की हलू नका, तिथूनच पाच-सहा पकडा. आणि ड्यूफर्ड गावातल्या पोराला नवा चालू शब्द अजिबात शिकवू नका, सहाही जागा बदलतात!

जास्त पकडायचे कारण प्रत्येक फीबासचा वेगळा स्वभाव. फीबासचा मिलोटिक हा पुढचा अवतार व्हायला ब्यूटी हा सौंदर्याचा आकडा १७० लागतो, मग एक लेव्हल वाढवायची. मॉडेस्ट, माइल्ड, रॅश, क्वाएट या स्वभावांना ब्यूटी वाढवणारे ड्राय चवीचे निळे पोकेब्लॉक (बेरी दळून केलेला खाऊ) आवडतात. अ‍ॅडमंट, इम्पिश, जॉली, केअरफुल यांना नाही. प्रत्येक ब्लॉकने शीन, म्हणजे पोट किती भरले तो आकडा, वाढते आणि २५५ला खाणे कायमचे बंद. ब्यूटी तोवर १७० झाली नसेल तर या गेममध्ये तो फीबास फीबासच राहतो. म्हणून बेरी दोघांतच दळू नका, चौघांत दळा. ब्लॉकचा फील, म्हणजे शीन वाढवणारा आकडा, कमी येतो आणि शीन हळू चढते. मात्र दोघांची बेरी एकच निघाली तर काळा ब्लॉक हाती येतो.

नंतरच्या ब्लॅक-व्हाइट गेम्सपासून फीबासला प्रिझम स्केल ही वस्तू देऊन दुसऱ्या खेळाडूशी ट्रेड (अदलाबदल) केला की काम होते. सोय झाली खरी, पण नदीतला तो पहिला फीबास मला अजूनही जास्त प्रिय आहे.