शेपटीचं किट: पुण्यातल्या पार्किंगमध्ये विमान जोडायला घेताना

दोन आसनी, पूर्ण धातूच्या विमानाचं किट टप्प्याटप्प्याने मागवता येतं: आधी शेपूट, मग पंख, मग धड, शेवटी इंजिनाकडचं सामान. शेपटीपासूनच सुरुवात करावी. स्पार (लांबीचा मुख्य आधार), रिब (आकार देणाऱ्या फासळ्या), स्किन (वरचा पत्रा), बिजागऱ्या, तोलाचं शिसं हे सगळं तिच्यात लहान प्रमाणात येतं, आणि एखादा पत्रा वाया गेला तरी नवा मागवणं खिशाला झेपतं. कोथरूडमधल्या बंगल्याच्या साधारण १० बाय २० फुटांच्या बंद पार्किंगमध्ये मी हे काम केलं, भरीव रिव्हेटच्या किटवर. पॉप रिव्हेटचं किट असेल तर बकिंग बारचा (रिव्हेटमागे धरायच्या पोलादी ठोकळ्याचा) भाग सोडून द्या, बाकीचं बहुतेक तसंच लागू पडतं.

पेटी न्हावा शेवाला उतरते. क्लिअरिंग एजंट आधीच ठरवा आणि किट पाठवणाऱ्याला एक गोष्ट पत्राने कळवा: लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा शिक्का हवा, म्हणजे कणसाचं चिन्ह आणि त्याच्या शेजारी एचटी (लाकडाला उष्णता दिल्याची खूण). तो नसेल तर माल धुरीकरणासाठी अडकतो. पेटी घरी आली की पहिले दोन दिवस फक्त मोजणीला द्या. रिव्हेट वजनावर येतात, ते मोजत बसू नका, पण प्रत्येक पिशवीवरचा क्रमांक यादीशी ताडून बघा. एएन४२६एडी३-३.५ हे असं वाचायचं: ४२६ म्हणजे चपट्या डोक्याचा, एडी म्हणजे २११७-टी४ मिश्रधातू, ३ म्हणजे ३/३२ इंच जाडी आणि ३.५ म्हणजे ३.५/१६ इंच लांबी. एडी रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो खळगा पुढे फार कामाला येतो.

पत्रा २०२४-टी३ अल्क्लॅड असतो, म्हणजे मजबूत मिश्रधातूवर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. गंजापासून बचाव तो थरच करतो, त्यामुळे त्याला ओरखडा पडू देऊ नका. खुणा पर्मनंट मार्करने करा, पेन्सिलीने कधीही नाही. शिसपेन्सिलीतलं ग्राफाइट अ‍ॅल्युमिनियमवर राहिलं आणि त्याला ओल लागली की त्याच रेषेवर पत्रा खाल्ला जातो. पत्र्यावरची निळी प्लास्टिकची फिल्म सांभाळून ठेवण्याचा मोह होतो. मार्चपर्यंत ठीक आहे, पण मृग लागायच्या आत सगळी काढून टाका. पावसाळ्यात तिच्याखाली ओल अडकते आणि चार महिन्यांनी पांढरे डाग दिसतात. रिव्हेटच्या ओळीपुरतीच काढायची असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक गोल करून त्याने फिल्म कापा. ब्लेड लावलं तर खाली पत्र्यावर रेघ उमटते, आणि तडा तिथूनच निघतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. सगळे भाग क्लेकोने (भोकांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिनांनी) जोडायचे, भोकं अंतिम मापाला न्यायची, पुन्हा सगळं सुटं करायचं, बर (भोकाच्या काठावरची धारदार कड) काढायची, डिंपल करायचं (रिव्हेटचं डोकं बसायला भोकाभोवती पत्रा खोलगट दाबायचा), घासून प्रायमर मारायचा, पुन्हा क्लेको लावायचे आणि मग रिव्हेट. म्हणजे प्रत्येक भाग किमान दोनदा जोडून एकदा सोडावा लागतो. ३/३२ चे क्लेको चंदेरी, १/८ चे तांब्याच्या रंगाचे. शेपटीसाठी चंदेरी अडीचशे-तीनशे लागले. शंभरावर भागवायला गेलात तर पत्रा दोन क्लेकोंच्या मध्ये फुगतो आणि ड्रिलचा कीस त्या फटीत जाऊन बसतो.

३/३२ रिव्हेटला ४० नंबरचा ड्रिल, म्हणजे २.४९ मिमी. पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा चांगला २.५ मिमी एचएसएस त्याला चालतो. १/८ ला ३० नंबर, म्हणजे ३.२६ मिमी. इथे बाजारातला ३.२ बारीक पडतो आणि ३.३ ढिला, तेव्हा हा नंबराचाच मागवा. काउंटरसिंकच्या (डोकं बसायला भोकाचा काठ तिरका कापणाऱ्या) बिटबाबत तर तडजोड अजिबात नको. आपल्याकडच्या दुकानात ९० अंशांचं बिट मिळतं, विमानाच्या रिव्हेटचं डोकं १०० अंशांचं असतं. ९० च्या खळग्यात १०० अंशांचं डोकं फक्त कडेवर टेकतं. वरून सफाईदार दिसतं, पण पत्र्याला पूर्ण बसत नाही, आणि उडताना थरथरीने ढिलं होतं.

उन्हाचा मुद्दा कुठल्याच मॅन्युअलमध्ये मला पुण्यासारखा लिहिलेला दिसला नाही. एप्रिलमध्ये दुपारी पार्किंगच्या जाळीतून ऊन थेट स्किनवर यायचं. आतला स्पार सावलीत, स्किन तापलेली. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. स्किन स्पारपेक्षा वीस अंशांनी गरम असेल तर १.२ मीटर लांबीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. भोकच अडीच मिलिमीटरचं, त्यात अर्धा मिलिमीटर म्हणजे टोकाच्या भोकांतून क्लेको जाईना. अशा वेळी ड्रिल घालून भोक ‘जुळवून’ घ्यायची घाई केली तर ते अंडाकृती होतं आणि कायमचं बिघडतं. मी जाडसर पांढरा पडदा लावला आणि लांब स्किनचं काम सकाळी दहाच्या आत उरकायला लागलो. सगळे भाग एका तापमानाला आले की भोकं आपोआप जुळतात.

आता बर. सगळ्यात जास्त तास इथे जातात आणि विमानाचं आयुष्यही इथेच ठरतं. ड्रिलने पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या काठावर सुईसारखी कड उभी राहते. ती तशीच ठेवून डिंपल केलं की ताण तिच्यावर येतो आणि भोकापासून बाहेर केसासारखी चीर जाते. काही वेळा डिंपल करतानाच, पण बहुतेक वेळा शंभर तास उडून झाल्यावर. बर काढायला हाताने फिरवायचं डीबरिंग बिट घ्या, दाब जवळजवळ नसावाच, दोन फेरे पुरेत. बोट फिरवल्यावर भोक लागू नये, पण काठ तिरका झालेलाही दिसू नये. नवखा माणूस उलट चूक करतो: रडरची (शेपटीच्या उभ्या सुकाणूची) स्किन ०.०१६ इंचाची, म्हणजे ०.४ मिमी, आणि तो पाच-सहा फेरे देऊन काठाला सुरीची धार आणतो. तसं भोक डिंपलमध्ये फाटतं. सुरुवातीला टाकाऊ पट्टीवर पन्नास भोकं पाडून करून बघा आणि दहापट भिंगातून काठ बघा. चांगला काठ भिंगात बारीक, सलग, सगळीकडे सारख्या रुंदीच्या चकाकत्या कड्यासारखा दिसतो. कुठे तुटक दिसला तर तिथे बर आहे, कुठे रुंद दिसला तर तिथे धार झाली आहे. पत्र्याच्या कडाही अशाच करायच्या: आधी बारीक कानस, मग कडेचं डीबरर, मग मरून रंगाची स्कॉचब्राइट घासणी. कात्रीने कापलेल्या कडेवर आडव्या रेघा असतात, त्या सगळ्या कडेच्या दिशेने घासून नाहीशा झाल्या पाहिजेत.

डिंपलला सी-फ्रेम (डायची जोडी समोरासमोर धरणारी सी आकाराची चौकट) आणि हातोडा वापरला. टेबल सी-फ्रेमच्या उंचीएवढं करा, म्हणजे पत्रा सपाट राहतो. दर ठोक्याआधी डायची टोच भोकात बसली आहे हे बोटाने तपासा. पत्रा सरकला असेल तर टोच भोकाच्या शेजारीच दुसरं भोक पाडते, आणि त्या स्किनला उपाय नाही.

प्रायमरला दोन घटकांचा इपॉक्सी घेतला. झिंक क्रोमेट जुन्या पुस्तकांत असतो, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, घराच्या पार्किंगमध्ये तो नकोच. इपॉक्सीलाही ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो, कापडी मास्कचा उपयोग नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर फवारू नये, म्हणजे पुण्यात जुलै-ऑगस्टचे बरेच दिवस बाद. पावसाळ्यात फक्त ड्रिलिंग आणि बर काढणं ठेवा, फवारणी ऑक्टोबरनंतर. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा आणि गनच्या आधी वॉटर ट्रॅप लावा, नाहीतर प्रायमरमध्ये मोहरीएवढे खड्डे येतात.

रिव्हेटचा हिशेब सोपा आहे. मारण्याआधी टोक जाडीच्या दीडपट बाहेर हवं. मारल्यावर मागचं डोकं दीडपट रुंद आणि अर्धं उंच: ३/३२ ला ३.६ मिमी रुंद, १.२ मिमी उंच. १/८ ला ४.८ आणि १.६. ३एक्स रिव्हेट गनला (हवेवर चालणाऱ्या हातोड्याला) हवा तीस ते चाळीस पीएसआय, नेमका आकडा टाकाऊ तुकड्यावर ठरवा. बकिंग बार भोसरीच्या वर्कशॉपमधून साधारण किलोभर पोलादाचा करून घेता आला, फक्त तोंडं कडक करून आरशासारखी पॉलिश हवीत. आवाज खूप होतो. दुपारी एक ते चार या वेळात गन अजिबात नाही, शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी तसं सांगून ठेवा. त्या वेळात कडेचे रिव्हेट हँड स्क्वीझरने दाबा, आवाज होत नाही आणि निकालही गनपेक्षा चांगला येतो.

रिव्हेट वाकडा बसला तर लगेच काढायला धावू नका. किंचित तिरका पण मापात असेल तर राहू द्या, काढताना होणारं नुकसान बहुधा जास्त असतं. काढायचाच असेल तर तो डोक्यावरचा खळगा आठवा: ड्रिल तिथे ठेवा, फक्त डोक्याच्या जाडीएवढं पाडा, पिनने डोकं उचकटून काढा, मागून आधार देऊन दांडी हलकेच ठोका. भोक तरीही मोठं झालं तर एनएएस१०९७एडी४ वापरा. त्याची दांडी १/८ ची आणि डोकं जवळपास ३/३२ वाल्याएवढं, म्हणून जुन्याच डिंपलमध्ये बसतं. पन्नास-एक जवळ असू द्या.

रडरची मागची कड सरळ येणं सगळ्यात अवघड. दोन स्किनच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी असते, तिला प्रोसील (दोन घटकांचं रबरासारखं सुकणारं सीलंट) लावून सगळं एका सरळ अ‍ॅल्युमिनियम अँगलला क्लेको करून सुकू द्यायचं. प्रोसील वजनाने १० ला १ मिसळतात. त्यासाठी ०.१ ग्रॅमचा सराफी काटा घ्या. बी-२ प्रकाराला २५ अंशांवर दोन तास मिळतात, मेमध्ये त्याहून बरेच कमी, म्हणून हे काम थंडीत करा. दोन दिवसांनी रिव्हेट, पण ओळीने नाही: आधी दर दहावा, अर्धवट दाबून, मग मधले, मग उरलेले. ओळीने गेलात तर पत्रा एका बाजूला ढकलला जातो आणि कड धनुष्यासारखी होते.

बिजागऱ्यांना एएन३ बोल्ट, टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. गाडीचा टॉर्क पाना एवढ्या खाली जात नाही, लहान रेंजचा वेगळा घ्या. नायलॉन नट मोकळा फिरवायलाच जो जोर लागतो तो आधी मोजून त्यात मिळवा. बोहरी आळीतला ८.८ ग्रेडचा बोल्ट कितीही मजबूत असला तरी इथे लावू नका. त्याचे आटे मेट्रिक, माप वेगळं, शिवाय त्याचा कुठलाही कागद तुमच्याकडे नसतो.

कागदावरून आठवलं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी व्हीटी-एनएमडी या विमानाला डीजीसीएकडून (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडून) उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. पहिल्या भोकापासून वही ठेवा: तारीख, भाग क्रमांक, रिव्हेटची लॉट पिशवी, तापमान, आणि झाकला जाणारा प्रत्येक सांधा झाकण्याआधी फोटोत. डीजीसीएशी पत्रव्यवहारही किट मागवण्याआधीच सुरू करा, नंतर नव्हे.

एलेव्हेटरच्या (शेपटीच्या आडव्या, वरखाली हलणाऱ्या भागाच्या) टोकाला शिशाचं वजन असतं. ते सगळं बसवून आणि रंगाचं वजन धरून तोलायचं, कारण रंग मागच्या बाजूला जास्त पडतो. बिजागरीवर मोकळा ठेवल्यावर शेपटीकडची बाजू खाली जाता कामा नये. जास्तीचं शिसं थोडं थोडं ड्रिल करून काढा, पण रंग झाल्यावरच. तयार भाग भिंतीवर फेल्टच्या पट्ट्यांवर टांगलेत, वर जुनी सुती चादर. प्लास्टिक गुंडाळलं तर पावसाळ्यात आत घाम धरतो.