फरशीवरची ती एक जागा

फ्लॉरेन्सचे चार दिवस कसे गेले म्हणाल, तर रांगेत. उफिझी या कलासंग्रहालयात पाय इतके दुखले की बोटिचेल्लीच्या चित्रांपेक्षा तिथला बाक जास्त आठवतो. पण सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधली वीस मिनिटं काही केल्या डोक्यातून जात नाहीत.

तिथे डाव्या भिंतीवर मसाच्चो या चित्रकाराचं 'त्रिनिता' (त्रैक्य) आहे, 1425-27च्या सुमाराचं भित्तिचित्र. क्रुसावर येशू, त्याच्यामागे देवपिता, वर चौकटीचौकटींचं कमानदार छत. आम्ही तिरके चालत आलो, तर ते छत मला चक्क वाकडं वाटलं. नवऱ्याचा चेहरा 'याच्यासाठी एवढं चालवलंस?' असा. बरोबर समोरची जागा एका ग्रुपने अडवलेली, आणि त्यांचा गाईड काही थांबेना. मनातल्या मनात त्याला बरंच सुनावून घेतलं.

एकदाचे ते हलले. मी त्या जागी उभी राहिले आणि भिंत आत गेली. खरंच गेली! खांबांमागे खोली झाली, छत मागे सरकलं.

इंटरमिजिएटला आगगाडीचे रूळ एका ठिपक्यात नेऊन मिळवायचे आणि मार्क घ्यायचे, एवढाच माझा पर्स्पेक्टिव्हशी संबंध. तो ठिपका बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, हे बाईंनी सांगितलंही असेल. कळलं मात्र इथे. मसाच्चोने तो क्रुसाच्या पायथ्याशी, उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीत धरलाय. आत जाणाऱ्या सगळ्या रेषा तिथेच मिळतात, म्हणून छत आपण खालून बघतोय असं वाटतं. या रेषा आखताना ओल्या गिलाव्यावर उमटलेल्या खुणा अजून आहेत म्हणे. मला काही दिसल्या नाहीत.

आदल्या दिवशी पाहिलेलं, ज्योत्तो या चित्रकाराच्या मडोनाच्या (मेरीच्या) चित्रातलं सिंहासन आठवलं. शंभरेक वर्षं आधीचं. त्यालाही खोली आहे, पण अंदाजाची. कडा आपापल्या वाटेने जातात. इथे सगळं मोजून. फक्त पित्याला मसाच्चोने या हिशेबातून वगळलंय: आपण खालून बघतोय, तरी तो समोर असल्यासारखा दिसतो. हे करणारा माणूस सत्ताविशीच्या आसपासच गेला.

माझी उंची पाच फूट. टाचा उंचावून पाहिलं, तर छत आणखी नीट बसलं.

नवरा भिंतीच्या कडेला गेला, एक डोळा मिटून बराच वेळ आडवं बघत राहिला आणि परत आला.

"सपाट आहे," म्हणाला.