काई नाई, चून-भाकर

मंगळवार, रात्री

झोप येत नाही म्हणून वही काढली. गोष्ट एवढीशीच आहे. दुसऱ्या कोणाला सांगितली तर म्हणतील, बाईला काम नाही.

काल पुण्याहून पोरांच्या आत्याचा फोन आला तेव्हा शेवटची भाकर तव्यावर होती. गोलूचं जेवण झालेलं, त्यानंच फोन उचलला. स्पीकर लावून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. तिनं नेहमीचं विचारलं, काय जेवला रे? पोट्टं म्हणते, "काई नाई."

"काई नाई म्हंजे? उपाशी हायेस?"

"नाई वं आत्या. काई नाई म्हंजे चून-भाकर."

ती हसली. वाईट नाही हसली, तिचा स्वभाव तसा नाही. पण अर्ध्या तासानं यांच्या मोबाइलवर पाचशे रुपये आले आणि खाली लिहिलेलं, पोरांना काहीतरी चांगलंचुंगलं आणा. यांना दाखवलं तर म्हणाले, "पाठवले तं पाठवले, तिचंबी घर हाये." आणि कूस बदलली. पेरणी झाली आहे, पाऊस तीन दिवसांपासून गायब आहे, यांच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. त्याबद्दल आज नाही लिहीत.

मी मात्र त्या काई नाईवरच अडकले. काल रात्री अडकले, आज शेतात निंदताना अडकले.

चून म्हणजे बेसनाचं पिठलं, आणि त्याचा हरभरा घरचा. दिवाळीच्या सुमारास पेरला, फाल्गुनात काढला, उन्हाळ्यात डाळ केली, ऊन दाखवून, कडूलिंबाचा पाला घालून कोठीत भरली. परवा दळायला नेली तर गिरणीवर वीज नव्हती. डबा डोक्यावर परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग काल निंदणावरून आल्यावर लसूण ठेचला, मिरच्या मोडल्या, कांदा तेलात लाल होऊ दिला. पाण्याला खळखळ उकळी आली की डाव्या हातानं पीठ चिमटी-चिमटीनं सोडायचं, उजव्या हातानं हाटायचं. हात थांबला की गोळी झालीच. पाच माणसांना दीड वाटी बेसन. पातळ केलं तर पुरतं, घट्ट केलं तर चव येते, मी मधलं करते. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. कढईला खाली जी खरवड धरते तिच्यावरून दोघं भांडतात. काल ती कोणी खाल्ली? गोलूनंच, बोटानं खरडून-खरडून. आणि खाऊन झाल्यावर काई नाई!

भाकरीचं तर विचारूच नये. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. दळून आठ-दहा दिवस झाले की पिठाची विरी जाते, थापताना काठ फाटत जातात. कढत पाण्यानं भिजवून तळहाताच्या टाचेनं रगडावं तेव्हा कुठं ऐकतं. काल आठ थापल्या, आठही फुगल्या. आठही. हे कोणी पुण्याला फोनवर सांगत नाही.

रोज चूनच का, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे माझ्याकडे. तूर घरात आहे, वरण का नाही करत? कारण नळ चौथ्या दिवशी येतो आणि आमच्या खारपाणपट्ट्यात हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. दोन तास चुलीवर ठेवा, दाणा टरटरीतच. सोडा टाकला तर शिजते, पण डाळीतलं चांगलं असतं ते त्यानं जातं म्हणतात, म्हणून मी टाकत नाही. नळाचं पाणी भरलेलं असेल त्या दिवशी वरण, संपलं की चून. बेसन बिचारं कोणत्याही पाण्यात शिजतं, फक्त मीठ हात राखून टाकायचं, पाणीच अर्धं खारट असतं. हे सगळं गोलूला कुठून कळणार? नववं लागलंय पोराला.

ज्वारी मात्र विकतची, हे लिहितानाही जिवावर येतं. आमच्या वावरात ज्वारी असायची. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) कणीस हाती लागू देईनात, मग यांनी बंदच केली. आता कपाशी, तूर, थोडा मूग. आम्हा शेतकऱ्यांना केशरी कार्डावर गहू-तांदूळ यायचे तेही बंद झाले, २०२३ पासून त्याच्या बदल्यात खात्यात पैसे पडतात. खात्यात पडलेला पैसा भाकरीपर्यंत पोचतोच असं नाही.

दुपारपर्यंत माझी अशी गाडी चालली होती. आपण मर-मर करा आणि लेकरानं काई नाई म्हणावं. डोळे भरून आले होते एकदा, खोटं कशाला लिहू.

मग संध्याकाळी हापशीवर शेजारच्या वहिनी भेटल्या. "काय केलं वं आज?" त्यांनी विचारलं. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "काई नाई जी, तरोटा."

कळशी भरून वाहायला लागली तरी मी तशीच उभी.

पोरगं हे कुठून शिकलं, ते कळलं. मी तर रोज म्हणते. वांगं केलं तर काही नाही वांगंच, कण्या केल्या तर काही नाही कण्याच. बांधावरून ओटीभर कोवळा तरोटा खुडून आणला, निवडला, नळाच्या पाण्यात मूठभर हरभऱ्याची डाळ घालून शिजवला, आणि काई नाई. फुकटची भाजी म्हणून लाज वाटते का मला? वाटत असावी. वहिनींकडे कालच्या बाजारातली फुलकोबी होती, त्याही म्हणाल्या, "काई नाई, कोबीच केली." म्हणजे सगळ्या गावाचंच जेवण काई नाई.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ओट्यावर बसून बरबटीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होती. तवा मिलो ज्वारी ये सरकारची, लाल लाल. भाकर तुटे, गोड नाई लागे. संगं मिरची भेटली तं भेटली. काई नाई म्हंजे ते असते." मग जरा थांबून, "त्या पोट्ट्यानं खरवड खाल्ली ना? मंग?"

म्हातारी असं बोलते आणि पुन्हा शेंगा सोलायला लागते. माणसानं आता रडावं कशाला, हेच कळत नाही.

आठवलं म्हणून लिहिते. २०२३ ला संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा बचत गटाच्या आम्हा बायकांना तालुक्याला ज्वारीचे पदार्थ मांडायला बोलावलं होतं. मी कण्या आणि आंबील नेली. भाकरीच्या टोपलीला 'मिलेट' अशी चिठ्ठी चिकटवली होती. साहेब लोकांनी उभ्या-उभ्या खाल्लं, फोटो काढले, एका मॅडमनं कण्यांची कृती कागदावर उतरवून घेतली. ज्वारी भरडायची, पीठ चाळून बाजूला काढायचं, कण्या ताकात शिजवायच्या, वरून जिऱ्या-लसणाची फोडणी. झालं. मी तीनदा म्हटलं, मॅडम, हे काई नाई, रोजचंच आहे. तेव्हाही तेच म्हटलं होतं बघा. सरकारी मांडवात उभी राहूनसुद्धा.

अंगणवाडीत सांगितलं होतं की ज्वारीत लायसीन नावाचं काहीतरी कमी पडतं आणि ते डाळींमध्ये भरपूर असतं, डाळीत जे कमी ते धान्यात असतं, म्हणून दोन्ही एकाच ताटात पाहिजेत. म्हणजे चून-भाकरच की. सासूबाई तेव्हा विचारत होत्या, "हे सांगाले पगार भेटते का?"

पाचशे रुपयांचं काय करायचं, हा प्रश्न उरलाच. परत पाठवले तर आत्या दुखावेल, ठेवले तर मी. शेवटी दुकानात गेले. फल्लीदाणे किलोभर, गूळ किलोभर, मुरमुऱ्याची मोठी पुडी, अर्धा किलो फुटाणे. उरले त्यातून पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्यांची दोन पाकिटं. चांगलंचुंगलं आणायला सांगितलं होतं ना! पोरांनी आधी पाकिटं फोडली, हे वेगळं सांगायला नको. ताईनं बोटं चाटून झाल्यावर विचारलं, "आई, मुरमुऱ्याले तेल-तिखट लावतं का?" लावलं. कच्चा कांदा बारीक चिरून, मूठभर दाणे, फुटाणे, चिमूटभर मीठ. परात पाच मिनिटांत रिकामी. उद्या दाणे भाजून गुळाबरोबर कुटायचे आहेत. लाडू केले तर शाळेतून आल्यावर आठवडाभर खातील, गोलूनं डबा कुठं ठेवते ते पाहिलं नाही तर.

आणि एक गंमत. राखीला आत्या येईल. दरवेळी मी तिच्यासाठी पोळ्या, आलूची भाजी, पाटवडीचा रस्सा करते, पाहुणी म्हणून. आणि दरवेळी ती तोंड पाडून म्हणते, "वहिनी, चुलीवरचं चून नाई केलं?" यावेळी करीन. दोन दिवस करीन. पाचशे रुपयांचं करीन.

आत्ता नऊ वाजता मायचा फोन आला होता. नेहमीप्रमाणे, "जेवली का? काय केलं?" मी ठरवूनच बसले होते. म्हटलं, ज्वारीची भाकर, तरोट्याची भाजी डाळ घालून, मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, कांदा आणि ताक.

पलीकडे एकदम शांत. मग हळू आवाजात, "कोन पाहुनं आलं वं?"

कोणी नाही म्हटलं. तिला काही पटलं नसावं. मग मी विचारलं, तू काय केलं?

"काई नाई," माय म्हणे, "वरण-भात."